काळ्याभोर गर्दीत आपलं करडू कोणतं?

तुळजापूर, भूम, परंडा, कळंब... धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दिवस मावळताना एखाद्या शेळ्यांच्या वाड्यापाशी उभे राहा. शेरडं रानातून परत येतात आणि एकच कालवा होतो. डालग्याखाली झाकलेली करडं सुटतात, बें-बें करत पळतात आणि बघता बघता जो तो आपल्या आईच्या कासेला! आता गंमत बघा. इथली प्रसिद्ध उस्मानाबादी शेळी बहुतेक वेळा काळीभोर असते. (२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं मात्र जुनंच चालू आहे. तिची काही तक्रार नाही.) त्यात करडंही पुष्कळदा जुळी. मग इतक्या काळ्या पिल्लांत आईला आपलं ओळखू येतं कसं?

आधी नाकानं. करडू जन्मलं, की शेळी त्याला चाटत सुटते. आपल्याला वाटतं, पुसून कोरडं करतेय. ते तर करतेच, पण चाटता चाटता त्याचा वासही ती पाठ करत असते. विताना तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं रसायन वाढलेलं असतं. त्यामुळे हा वास तिच्या डोक्यात पक्का बसतो. अमेरिकेतल्या पीटर क्लॉप्फर यांनी १९६०च्या दशकात पाहिलं, की विल्यावर नुसती ५ मिनिटं करडू जवळ मिळालं तरी पुरतं. नंतर ते थोडा वेळ दूर नेलं तरी आई त्याला परत जवळ घेते. पण ती ५ मिनिटंच मिळाली नाहीत, तर तासाभरानं आणलेल्या स्वतःच्याच करडाला बहुतेक शेळ्या ढुशी मारून हाकलतात! दुसऱ्या शेळीच्या करडाला तर ती कासेला लागूच देत नाही. आधी शेपटीखाली हुंगणार, मग दूध. रोज, दर वेळी.

आवाजाची ओळख मागोमाग येते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या एलोडी ब्रीफर आणि अ‍ॅलन मॅकएलिगॉट यांनी शेळ्यांना करडांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. करडांनी दूध सोडून कित्येक महिने उलटले होते, तरी आया स्वतःच्या करडांच्या त्या जुन्या आवाजाला जास्त दाद देत होत्या.

मला सगळ्यात आवडलेला शोध मात्र वेगळाच आहे. करडं थोडी मोठी झाली, की आईला सोडून टोळी करून हुंदडतात. एकत्र बसतात, एकत्र उड्या मारतात. याच शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये आढळलं, की एका टोळीतल्या करडांचं ओरडणं हळूहळू एकमेकांसारखं होत जातं. सोलापूरला मामाकडे महिनाभर राहून आलात, की तुमची बोली बदलते ना? तसंच. आवाज फक्त जन्मानं ठरतो असं नाही, रोजची संगतही तो घडवते.

माणसाशीही शेळी नातं जोडते. झाकण न उघडणाऱ्या डब्यापुढे शेळी अडली, तर ती जवळच्या माणसाकडे वळून बघते, असं २०१६ च्या एका प्रयोगात दिसलं. ‘जरा उघडता का?’ असंच जणू!

तुमच्याकडे किंवा शेजारी शेरडं असतील, तर एक प्रयोग करा. रोज ठरलेल्या वेळी, एकच हाक मारून मूठभर बाभळीच्या शेंगा द्या. किती दिवसांनी नुसत्या हाकेवर मान वर होते, ते वहीत लिहा. मग तीच हाक मित्राला मारायला सांगा आणि काय होतं ते बघा. फक्त एक लक्षात ठेवा: शेळी नुकतीच व्याली असेल, तर करडू कितीही गोड दिसलं तरी लगेच उचलू नका. आधी आईचं चाटून होऊ द्या.