वनविहारातील बारा महिने

'रोज चालत जावे' हे वाक्य चिठ्ठीच्या तळाशी लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. रुग्णाने कोठे चालावे, वैशाखात केव्हा आणि श्रावणात कसे, हा विचार कधी मनात आला नाही. स्वतः चालणे तर दूरच! 2016 च्या हिवाळ्यात माझ्याच हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसला. हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी मिळताच सौभाग्यवतींनी मला वनविहाराच्या फाटकाशी नेऊन उभे केले.

भोपाळबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मोठ्या तलावाच्या काठी, शहराला अगदी लागून, सुमारे साडेचार चौरस किलोमीटरचे हे अरण्य आहे. त्यास 1983 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वाघ, सिंह, अस्वले प्रशस्त कुंपणांत असतात. चितळ, सांबर, नीलगाय मोकळे हिंडतात. पहिल्या दिवशी मी जेमतेम अर्धा किलोमीटर चाललो आणि सवयीने मनगटावर बोटे ठेवून बसलो. समोरून चितळांचा कळप रस्ता ओलांडू लागला आणि नाडीची मोजणी चुकली. पुन्हा मोजावी असे वाटलेच नाही.

थंडीत तलावावर परदेशी बदके उतरतात. तेव्हा धाप लागली तरी 'पक्षी पाहतो आहे' असे सांगता येते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून फाटक उघडताच आत शिरावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे. लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी तर पाण्याविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. पावसाळ्यात गुडघ्यांची परीक्षा असते; पण भदभद्याची दारे उघडली की सारे शहर ते पाहायला लोटते, आणि तेथे गुडघ्यांची तक्रार कोणी करीत नाही.

अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा हा तलाव 2002 मध्ये रामसर यादीत आला. 2023 मध्ये हरित न्यायाधिकरणाने त्यातील यांत्रिक नौकांना मनाई केली. नातवंडांसह क्रूझमध्ये बसणाऱ्या मला हळहळ वाटली, हे कबूल करतो. परंतु आपल्या शहरातील कित्येक घरांत हेच पाणी प्यायले जाते. तेव्हा निर्णय योग्यच.

आता मी चिठ्ठीवर ऋतूप्रमाणे वेळही लिहितो. परवा एका वयस्क बाईंनी विचारले, "उद्यानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काय करू, डॉक्टरसाहेब?"

"बोट क्लबच्या रस्त्यावर या. मी तेथेच असतो."