ओरिजिनल स्क्रीन टाकली, तरी आयफोन तिला 'अनोळखी' का म्हणतो?

आयफोनची स्क्रीन फुटली की बहुतेकांसमोर दोन पर्याय असतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन मोठं बिल भरायचं, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर घराजवळचा ओळखीचा मोबाईलवाला गाठायचा. तो तासाभरात स्क्रीन बदलून देतो. टच नीट चालतो, पैसेही कमी लागतात. मग फोनवर एक सूचना झळकते: या फोनमधला डिस्प्ले ॲपलचा अस्सल पार्ट आहे की नाही, हे ठरवता येत नाही. अनेक मॉडेल्सवर 'ट्रू टोन' हा पर्यायही गायब होतो.

ग्राहक दुकानात परततो आणि "डुप्लिकेट माल टाकलात" असा वाद सुरू होतो. कधी तो आरोप खराही असतो. पण बंद पडलेल्या दुसऱ्या आयफोनमधून काढलेली, ॲपलचीच स्क्रीन बसवली तरी वर्षानुवर्षं हीच सूचना येत होती. यामागे जी व्यवस्था आहे तिला 'पार्ट्स पेअरिंग' म्हणतात.

पार्टची फोनशी बांधलेली गाठ

फोनची बॅटरी म्हणजे नुसता सेल नसतो. तिच्यावर एक छोटी सर्किट पट्टी असते. चार्ज किती आहे, बॅटरी किती वापरली गेली आहे, याची नोंद ही पट्टी ठेवते आणि बॅटरीचा सिरीयल नंबरही तिच्यातच असतो. स्क्रीन, कॅमेरा, फेस आयडीचा सेन्सर यांचंही तसंच. कारखान्यात फोन तयार होताना हे नंबर त्या फोनच्या मदरबोर्डशी जोडले जातात. पुढे नंबर जुळला नाही की सॉफ्टवेअर पार्टला अनोळखी ठरवतं. ही जोडणी नव्याने करून देणारं सॉफ्टवेअर मात्र बराच काळ फक्त ॲपल आणि तिच्या अधिकृत सेंटर्सकडेच होतं.

२०१८ च्या एक्सएस, एक्सआर आणि त्यानंतरच्या मॉडेल्समध्ये बाहेर बॅटरी बदलली की 'बॅटरी हेल्थ'चा टक्काच दिसेनासा व्हायचा. यावर कारागिरांनी उपाय काढला. जुन्या बॅटरीची सर्किट पट्टी काढायची आणि ती नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडायची. स्क्रीनच्या बाबतीत जुन्या डिस्प्लेमधला डेटा प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने नव्या डिस्प्लेत उतरवला जातो. थोडक्यात, दहा मिनिटांच्या कामासाठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिचे पैसे अर्थातच ग्राहक देतो.

एका अपडेटने फोन बंद

हा वाद पहिल्यांदा मोठा झाला तो 'एरर ५३'मुळे. २०१६ च्या सुरुवातीला जगभरातून आयफोन ६ मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. ज्यांनी बाहेर होम बटण बदललं होतं, त्यांचा फोन आयओएस अपडेटनंतर 'एरर ५३' दाखवून कायमचा ठप्प होत होता. बटणात फिंगरप्रिंट सेन्सर असतो, त्यामुळे ही सुरक्षेची तपासणी आहे, असं ॲपलने आधी सांगितलं. ओरड वाढल्यावर फेब्रुवारीतच कंपनीने माफी मागितली आणि फोन पुन्हा सुरू करणारं अपडेट दिलं. ऑस्ट्रेलियात प्रकरण कोर्टात गेलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून मोफत सेवा मिळणार नाही, असं किमान २७५ ग्राहकांना सांगितल्याबद्दल २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

त्याच वर्षी आयओएस ११.३ आल्यावर बाहेर स्क्रीन बदललेल्या आयफोन ८ चा टच बंद पडला. तो ११.३.१ मध्ये पूर्ववत झाला. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडीच बंद व्हायचं. टीका झाली आणि १५.२ अपडेटमध्ये तेही सुटलं.

इथे थोडं थांबायला हवं. स्क्रीनला हात न लावता, फक्त एका अपडेटने फेस आयडी परत आलं. म्हणजे अडचण स्क्रीनमध्ये नव्हतीच.

मग सुरक्षेचं कारण खोटं आहे का?

पूर्ण खोटं नाही. फिंगरप्रिंट किंवा चेहरा ओळखणारा सेन्सर कुणीही बदलू शकला, तर फोनचं कुलूपच धोक्यात येऊ शकतं. चोरीच्या फोनचे पार्ट विकण्याचा धंदाही पेअरिंगमुळे अवघड होतो. पण बॅटरी कुणाचा चेहरा ओळखत नाही. तिच्या बाबतीत आग लागण्याचा धोका खरा असला, तरी त्यासाठी इशारा पुरेसा असतो.

आणि सुरक्षा सांभाळूनही जोडणी खुली ठेवता येते. गुगलच्या पिक्सेल ६ पासून पुढच्या, स्क्रीनखाली फिंगरप्रिंट सेन्सर असलेल्या फोनमध्ये स्क्रीन बदलल्यावर सेन्सर कॅलिब्रेट करावा लागतो. गुगलने त्याचं साधन वेबसाईटवर सगळ्यांसाठी ठेवलं आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये थेट पार्ट्स पेअरिंगवर बंदी घालणारा कायदा केला. ॲपलने त्याला विरोध केला होता. पुढच्याच महिन्यात ॲपलने वापरलेले अस्सल पार्ट चालू देण्याची घोषणा केली. आयओएस १८ पासून नव्या मॉडेल्समध्ये 'रिपेअर असिस्टंट' आला. आता दुरुस्तीनंतर फोनमधूनच अस्सल पार्ट जोडून घेता येतो. मात्र पार्ट चोरीच्या किंवा लॉक असलेल्या फोनमधला असेल तर नाही. दुसऱ्या कंपनीचा पार्ट अजूनही अनोळखीच राहतो.

भारतात पार्ट्स पेअरिंगवर बंदी घालणारा कायदा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. मोबाईल, गाड्या, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं ही त्यातली चार क्षेत्रं. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण देणाऱ्या निर्देशांकावरही काम झालं आहे. पोर्टलवर माहिती मिळते, पण पेअरिंगची किल्ली नाही.

दुकानात जाण्याआधी

स्क्रीन अस्सल आहे, जुन्या फोनमधली आहे की दुसऱ्या कंपनीची, हे आधीच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. "ओरिजिनलसारखी" म्हणजे ओरिजिनल नव्हे. फेस आयडी, ट्रू टोन, कॅमेरा दुकानातच तपासा. फोन एकदा उघडला की पाणी रोखणारं सील पूर्वीसारखं राहीलच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

सेकंडहँड आयफोन घेताना सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि मग 'अबाऊट' उघडा. पार्ट बदललेला असेल तर तिथे त्याचा इतिहास दिसतो. 'अननोन पार्ट' लिहिलेलं असलं म्हणून लगेच सौदा मोडायची गरज नाही, पण किंमत कमी करून मागायला ते पुरेसं कारण आहे. बिलावर एक आणि फोनमध्ये दुसरंच निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे १९१५.