आशाताईच्या पिशवीत काय असावं?

महाराष्ट्रात आज गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत, देशभरात सुमारे दहा लाख. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, तीही त्याच गावात नांदणारी. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला. पण सरकारी कागदावर ती अजूनही 'स्वयंसेविका'च आहे.

गावातल्या बाईच्या हाती आरोग्याचं काम सोपवण्याचे सर्वांत धाडसी प्रयोग आपल्याच राज्यात झाले. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दुष्काळी जामखेडला आले. आधी त्यांनी गावोगाव नर्स ठेवून पाहिल्या, पण बाहेरून आलेली एकटी मुलगी गावात रुजेना. मग गावालाच आपली बाई निवडायला सांगितलं. निवडलेल्यांपैकी कित्येकजणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या. आठवड्यात कुणाला काय झालं आणि आपण काय केलं हे एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच पुढचं शिकायच्या: जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, अडणारं बाळंतपण आधीच हेरणं, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं. ही आठवड्याची बैठक मला साऱ्या प्रयोगाचा कणा वाटते. एकदाच प्रशिक्षण देऊन बाईला गावात सोडून दिलं असतं, तर तिचं ज्ञान वर्षभरात आटलं असतं. 1971 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत होती. पुढच्या काही दशकांत तो आकडा तिशीच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या 'हेल्थ बाय द पीपल' या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याहून अवघड पाऊल उचललं. तान्ह्या बाळाचा जंतुदोष ही तर दवाखान्यातल्या तज्ज्ञाची बाब मानली जाई. पण बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही, पावसाळ्यात नाले भरून वाहतात, अशा ठिकाणी तज्ज्ञापर्यंत पोचायचं कसं? म्हणून जेमतेम शिकलेल्या गावच्या बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, धोक्याची लक्षणं ओळखायला आणि गरज पडल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. यावर आक्षेप येणारच होते. उत्तर मिळालं ते आकड्यांतून. 'लॅन्सेट'ने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी उतरला होता.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत 2011 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जायचं, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. भेटी आल्या, वजनकाटा आला, थर्मामीटर आला. इंजेक्शन मात्र तिच्या हाती आलं नाही. बाळ आजारी दिसलं की पुढे पाठवायचं. गाडी वेळेत मिळणाऱ्या गावात हे चालून जातं. जिथे गाडी पोचतच नाही, त्या पाड्यावर नुसती चिठ्ठी देऊन काय होणार? प्रयोगाचा सांगाडा आपण घेतला. बाईच्या हातावरचा विश्वास तिथेच ठेवून आलो, असं माझं मत आहे.

त्या विश्वासाच्या जागी कामं मात्र वाढत गेली: लसीकरणासाठी लेकरं गोळा करणं, क्षयरुग्णाला गोळ्या देणं, सर्व्हे, रजिस्टर, मोबाइलवरच्या नोंदी. यातल्या बऱ्याच कामांचे पैसे कामागणिक. गरोदर बाई ऐन वेळी माहेरी किंवा खासगी दवाखान्यात गेली, तर नऊ महिने तिच्यामागे फिरूनही मोबदल्याचा काही भाग बुडतो. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा दारोदार ऑक्सिजन मोजत होत्या. लोक दारं लावून घेत, तरी त्या जात राहिल्या. त्यानंतर त्यांना संपावर जावं लागलं, आणि 2024 च्या मार्चमध्ये राज्य सरकारने महिन्याला पाच हजारांची वाढ मंजूर केली.

ही वाढ हक्काचीच होती. आता पुढची मागणीही तितक्याच जोराने व्हायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातली आशांची मासिक बैठक आज बरीचशी आकडे जमा करण्यात जाते. तिथे वैद्यकीय अधिकाऱ्याने आशांसोबत बसून त्या महिन्यातल्या एकेका आजारी बाळाची, एकेका अडलेल्या बाळंतिणीची हकीकत ऐकावी आणि चुकलं काय, पुढे काय करायचं ते शिकवावं. आशाची औषधपेटी रिकामी राहणार नाही याची जबाबदारी नाव घेऊन कुणावर तरी टाकावी. आणि जिथे रस्ता तुटतो, त्या पाड्यांवरच्या आशांना गडचिरोलीतल्या बायकांइतकं शिकवून इंजेक्शनची परवानगी द्यावी, म्हणजे भामरागड किंवा मेळघाटातल्या आईला पाऊस उघडायची वाट बघत बसावं लागणार नाही.