रणगाडा एकाचा, नजरा अनेकांच्या

लेखमाला ‘त्रिमितीची कार्यशाळा’ : लेखांक ७

१९७२ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात संगणकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी एक फोक्सवॅगन बीटल मोजायला घेतली. गाडी त्यांचे प्राध्यापक आयव्हन सदरलँड यांच्या पत्नीची, मार्शा यांची. विद्यार्थ्यांनी तिच्या गोलसर अंगावर रेघा आखून बहुकोनी तुकडे पाडले, एकेका कोपऱ्याची जागा हाताने मोजली आणि ते आकडे संगणकाला दिले. खऱ्या वाहनाला त्रिमितीय मॉडेलचे रूप देण्याचा हा अगदी सुरुवातीचा उद्योग. त्यात एक मोठी सोय होती. मोजणारे हात अनेक होते आणि गाडी समोर उभी होती. शंका आली की उठून पुन्हा मोजायचे.

आज छंद म्हणून हेच काम करणाऱ्याची अडचण बरोबर उलटी आहे. साधने हाताशी आहेत, वस्तू मात्र समोर नाही. ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर घ्या. नेदरलँड्समध्ये टॉन रोझेनडाल यांनी आधी आपल्या अॅनिमेशन स्टुडिओच्या कामासाठी ते घडवले. पुढे ते विकण्यासाठी काढलेली कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा एक लाख युरो मिळाल्यास सोर्स कोड मोकळा करू, अशी तयारी गुंतवणूकदारांनी दाखवली. जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी जमवली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सगळ्यांसाठी खुले झाले. त्यामुळे आज मध्यम ताकदीच्या घरगुती संगणकावर कुणीही रणगाडा, रायफल किंवा विमान घडवायला बसू शकतो. पण रणगाडा काही दारात येऊन उभा राहत नाही.

मग पाहायचे कशाकडे? फोटोंकडे आणि आराखड्यांकडे. इथूनच फसगत सुरू होते. पुस्तकातून स्कॅन केलेला आराखडा एका बाजूने किंचित ताणलेला असतो, बाजूचे आणि वरचे चित्र एकमेकांशी जुळत नाही, आणि जवळून काढलेल्या फोटोत तोफेची नळी आहे त्याहून लांब आणि जाड दिसते. जाणते छंदिष्ट म्हणून एखादे पक्के माहीत असलेले माप पकडतात आणि बाकी सगळे त्यावरून ताडून पाहतात. पट्ट्याच्या एका कडीची लांबी कळली की तिच्यावरून रणगाड्याची अख्खी बाजू मोजता येते. एवढे करूनही जे निसटते ते दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसते. म्हणून या छंदात अर्धवट काम लोकांपुढे ठेवण्याची रीत पडली आहे. रंग न दिलेले, मातकट करड्या रंगाचे रेंडर, सोबत जाळी दाखवणारी वायरफ्रेम, आणि खाली एकच विनंती: चुका काढा.

सोव्हिएत बनावटीचा टी-५५ हे उदाहरण घेऊ. भारतीय लष्कराने तो १९७१ च्या युद्धात वापरला, नंतर तो मोडीत निघाला आणि देशात ठिकठिकाणी स्मारक म्हणून चौथऱ्यावर चढला. दिसायला साधा आहे: वाडग्यासारखा उपडा टरेट, १०० मिलिमीटरची तोफ, प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके. नवशिका पहिले चाक करतो, त्याच्या चार प्रती काढतो, सारख्या अंतरावर मांडतो आणि वरून पट्टा ताणून बसवतो. ओळीने मांडलेली ती चाके डोळ्यांना छान वाटतात. जाणकार मात्र एका नजरेत दोन चुका काढतो.

पहिली चूक अंतराची. टी-५५ च्या पहिल्या आणि दुसऱ्या चाकात इतरांपेक्षा जास्त फट असते. त्याच्या नंतर आलेल्या टी-६२ मध्ये ही मोठी फट मागच्या चाकांकडे सरकते, तिसऱ्या-चौथ्याच्या आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. दुरून दोन्ही रणगाडे सारखे दिसतात, ते वेगळे ओळखायची सोपी खूण हीच. अंतरे सारखी ठेवली की मॉडेल ना टी-५५ राहते, ना टी-६२ होते.

दुसरी चूक पट्ट्याची. अनेक रणगाड्यांत चाकांच्या वर लहान रुळ असतात आणि पट्ट्याचा वरचा पदर त्यांच्यावरून सरळ धावतो. टी-५५ ला असे रुळच नाहीत. पोलादी पट्टा पुढच्या चक्रावरून मागच्या दातेरी चक्राकडे जाताना स्वतःच्या वजनाने झोळ खातो आणि चाकांच्या माथ्यावर टेकतो. सरळ ताणलेला पट्टा दिसला, की या माणसाने आकार पाहिला आहे पण यंत्र पाहिलेले नाही, हे उघड होते.

समछंदी मंडळींच्या सूचनांचे मोल इथे आहे. नवशिका विचारतो, ‘हे कसे दिसते?’ चांगला टीकाकार विचारतो, ‘हे चालते कसे?’ दातेरी चक्र मागे आहे म्हणजे पट्ट्याचा कोणता भाग ताणला जाईल आणि कोणता सैल पडेल? टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन धक्के सोसणाऱ्या पोलादी सळया, रणगाड्याच्या तळातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या जातात. डाव्या आणि उजव्या चाकांच्या सळया एकाच जागी मावत नाहीत, त्या एकीमागे एक बसवाव्या लागतात. त्यामुळे अशा बहुतेक रणगाड्यांत एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित पुढे किंवा मागे असतात. सॉफ्टवेअरमधला ‘मिरर मॉडिफायर’ अर्धा रणगाडा करून घेऊन उरलेला अर्धा आपोआप देतो, आणि नेमक्या याच ठिकाणी तोंडघशी पाडतो.

आरशाचा घोळ शस्त्रांतही होतो, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कोट्यवधी लोकांनी पाहिले आहे. ‘हाफ-लाइफ’ या खेळावर मिन ले आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला. नंतर पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत ज्याने पोरांच्या दुपारी खाल्ल्या तो हाच. त्यातल्या बंदुका उजव्या हातात दिसतात, पण काडतुसाची रिकामी पुंगळी डावीकडे उडते आणि एके-४७ चा खटका डाव्या अंगाला आहे. खऱ्या एके-४७ मध्ये तो उजवीकडे असतो. मॉडेल डावखुरी घडवलेली होती आणि पडद्यावर ती उलटवून दाखवली जात होती. खेळ त्यामुळे रतिभरही बिघडला नाही, हेही खरे. पण आज कुणी तशी बंदूक समीक्षेला ठेवली तर पहिल्या पाच मिनिटांत तिचा निकाल लागेल.

मापे जुळल्यावर गाडी पृष्ठभागावर येते. इथे सगळ्यांत जास्त ऐकू येणारी सूचना कडांबद्दल असते. संगणकाला दोन पृष्ठे काटेकोर धारेवर जोडता येतात, पण तशी धार कारखान्यातून कधीच बाहेर पडत नाही. पोलादी पाट्याच्या कडेलाही बारीकशी गोलाई असते, तिच्यावर उजेडाची रेघ उमटते आणि त्या रेघेवरूनच डोळ्याला वस्तूचा जडपणा कळतो. कडांना बेव्हल दिले नाही तर चाळीस टनांचा रणगाडा पुठ्ठ्याचा दिसतो. टी-५५ मध्ये आणखी एक भेद पाळावा लागतो. त्याचे धड लाटलेल्या पाट्या वेल्ड करून जोडलेले, म्हणून सपाट. टरेट साच्यात ओतलेला, म्हणून खडबडीत. दोन्हींना एकच पोत लावणारे मॉडेल कितीही बारकाईने केलेले असो, खोटे वाटते.

आणि मग गंज. सगळ्या नवशिक्यांना गंज फार प्रिय. ‘सबस्टन्स पेंटर’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक कळ दाबली की प्रत्येक कडेवरचा रंग सारखाच उडतो आणि कालच बाहेर पडलेला रणगाडा पन्नास वर्षे समुद्रात बुडाल्यासारखा दिसू लागतो. जाणकार विचारतो: शिपाई कुठून चढतात? तिथला रंग बुटांनी घासला जाईल. धूर कुठून निघतो? टी-५५ चा एक्झॉस्ट डाव्या मडगार्डवर आहे, तेव्हा काजळी आणि तेलाचा थर डावीकडेच हवा. उजवीकडे इंधनाच्या टाक्या आहेत, तिथे भरताना सांडलेल्या डिझेलचे ओघळ येतील. या प्रश्नांची उत्तरे कोणतीच आयती कळ देत नाही.

अचूकतेची ही भूक कुठवर जाते? जुलै २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या खेळाच्या एका खेळाडूला वाटले की ब्रिटनच्या चॅलेंजर-२ या रणगाड्याचे खेळातले मॉडेल चुकले आहे. आपण या रणगाड्यावर काम केल्याचा त्याचा दावा होता. म्हणणे सिद्ध करायला त्याने चक्क लष्करी माहितीपुस्तिकेतली पाने सर्वांसमोर मांडली. ती अजूनही गोपनीय असल्याचे कळताच खेळ चालवणाऱ्यांनी पाने काढून टाकली आणि असला मजकूर आम्ही वापरणार नाही, असे बजावले. त्याच वर्षी फ्रान्सच्या लेक्लेर्क रणगाड्याबाबतही तसेच घडले. वाद जिंकायला देशाचे गुपित उघडे करणारा माणूस मूर्खच म्हणायला हवा. पण त्याला हेरगिरी करायची नव्हती, दुसऱ्याच्या मॉडेलमधली चूक तेवढी दाखवायची होती, हे त्यातले अजब.

सरळमार्गी छंदिष्टाला त्यापेक्षा संग्रहालय बरे. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर, इथे लष्कराच्या आर्मर्ड कोअरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. अनेक देशांचे रणगाडे तिथे ओळीने उभे आहेत. चाकाचा नट किती मोठा, वेल्डिंगची रेघ किती जाड, हे फोटोत कधीच नीट कळत नाही. जवळ उभे राहिल्यावर कळते. फक्त उभा रणगाडा कोणत्या काळातला, हे विचारायला विसरू नये. भारतातल्या अनेक टी-५५ रणगाड्यांवरची मूळची तोफ नंतर काढून १०५ मिलिमीटरची बसवली गेली, आणि स्मारकांवर तर दरवर्षी नवा रंग चढतो. १९७१ चा रणगाडा करायचा आणि नमुना आजच्या चौथऱ्यावरचा घ्यायचा, तर नळीपासूनच चुकते.

त्या नळीवरून एक गमतीचा वाद हमखास झडतो. टी-५५ च्या तोफेच्या टोकाशी एक फुगवटा असतो. गोळा सुटल्यावर नळीतला धूर टरेटमध्ये न येता बाहेर जावा, ही त्याची कामगिरी. १९७१ चे भारतीय मॉडेल मन लावून करणारा नळीच्या मध्यावरही एक फुगवटा दाखवतो, आणि टीकाकार लगेच तुटून पडतात: चूक, तो तिथे नसतो! पण पाकिस्तानकडे टी-५४ ची चिनी नक्कल, टाइप-५९, होती आणि धुमश्चक्रीत दोन्हींच्या आकृत्या सारख्याच दिसत. आपल्याच रणगाड्यावर आपलाच गोळा पडू नये म्हणून भारतीय रणगाड्यांच्या नळीवर मधोमध हा खोटा फुगवटा चढवलेला होता. मॉडेल करणाऱ्याने अशा वेळी वाद घालत बसू नये. युद्धकाळातला एखादा फोटो रेंडरच्या शेजारी ठेवावा आणि पुढच्या सूचनेकडे वळावे.