सुजेतून उद्भवणारा काचबिंदू

काचबिंदू हा म्हातारपणचा रोग, अशी आपल्याकडे घरोघर समजूत आहे. ती बहुतांशीं खरीही आहे. परंतु त्याचा एक प्रकार ऐन तिशींतल्या माणसालाही गांठतो, आणि त्याचें मूळ वयांत नसून डोळ्याच्या आंतल्या सुजेंत असतें.

बुबुळांतील रंगीत पडद्यामागें एक स्वच्छ पाणी अहोरात्र पाझरत असतें. हें अश्रूंचें पाणी नव्हे. तें बाहुलींतून पुढें येतें आणि पडद्याच्या कडेला असलेल्या सूक्ष्म चाळणीवाटे रक्तांत जातें. आवक-जावक यांचा मेळ असला, म्हणजे डोळ्यांतील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांत राहतो. क्षय, नागीण, सांध्यांचे कांहीं विकार यांमुळें, आणि कित्येकदां कारण न सांपडतांही, हा पडदा सुजतो. मग चाळणी तुंबते. पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. बाहुलीचा सगळा कांठ चिकटला, तर कोंडलेल्या पाण्यानें पडदा शिडासारखा पुढें फुगतो. वाढलेल्या दाबाखालीं दृष्टीची नस सुकूं लागते.

गंमत अशी, कीं सूज उतरविणारें स्टेरॉइड हेंच कित्येकांच्या डोळ्यांत दाब वाढवितें! जुन्या चिठ्ठीवर तीच बाटली पुनःपुन्हां आणण्याची आपली काटकसरी रीत येथें फार महाग पडते. मात्र भिऊन औषध एकाएकीं बंद केलें, तर सूज उलटते, हेंही ध्यानांत असावें.

थेंबांनीं व गोळ्यांनीं दाब उतरला नाहीं, म्हणजे शस्त्राचा विचार येतो. बर्लिनच्या ग्रेफे यांनीं १८५७ सालीं पडद्याचा लहानसा तुकडा काढून काचबिंदूवर उपाय करतां येतो, असें दाखविलें. पडदा फुगला असेल, तर आजही तत्त्व तेंच. लेसरनें पाडलेलें छिद्र सुजलेल्या डोळ्यांत पुन्हां बुजण्याचा संभव अधिक, म्हणून येथें शस्त्रच पुष्कळदां बरें. पण चाळणीच निकामी झाली असेल, तर पाण्याला नवी वाट काढून द्यावी लागते. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांतील एलियट यांनीं १९०९ च्या सुमारास त्यासाठीं डोळ्याच्या भिंतीला गोल छिद्र पाडण्याची रीत प्रचारांत आणली. १९६८ सालीं इंग्लंडांतील केर्न्स यांनीं त्या वाटेवर भिंतीचीच एक पातळ झडप ठेवली. ही शस्त्रक्रिया आजही सर्वत्र चालते.

सुजेच्या डोळ्यांत तिची खरी शत्रु म्हणजे जखम भरण्याची शरीराची घाई. नवी वाट तंतूंनीं बुजून जाते. म्हणून कर्करोगावरील मायटोमायसिन हें औषध शस्त्रक्रियेच्या वेळीं कांहीं मिनिटें तेथें लावतात. तरीही वाट टिकण्याची आशा नसेल, तर बारीक नळी बसवितात. मोल्टेनो यांची नळी १९६९ पासून, अहमद यांची झडपेची नळी १९९३ पासून प्रचारांत आहे. मदुरेंतही अशी नळी अल्प किंमतींत तयार होते.

सूज निदान तीन महिने शांत असावी, मगच शस्त्र लावावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. नस झपाट्यानें सुकत असली, तर मात्र वैद्य थांबत नाहीं. सुजेवर जोराचे औषधोपचार करून तो लगेच शस्त्र हातीं घेतो.

“शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखें दिसेल ना?” हा प्रश्न घरची माणसें हटकून विचारतात. गेलेलें परत येत नाहीं. उरलेलें राखण्यासाठींच हा खटाटोप असतो. यानंतरही सुजेचे थेंब कांहीं महिने चालू राहतात आणि दाब वरचेवर मोजून घ्यावा लागतो. तो वाजवीपेक्षां खालीं गेला, तरी दृष्टीला धोकाच असतो.