श्वासाची वाट (भाग ७) : सोयाबीनची रास, कोजागरी आणि दमेकऱ्याचं नाक

पोळा झाला की सोनपेठच्या शिवारात दमेकऱ्याचे वाईट दिवस सुरू होतात. बांधावरचं गवत तुऱ्यावर येतं. पडीक रानात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागं गाजरगवत पांढरं फुलतं. सोयाबीनची पानं गळून शेंगा वाळायला लागतात, महिनाभरात कापणी, मग बनीम म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, मग रास म्हणजे मळणी. त्यातच परतीचा पाऊस. गोदाकाठच्या या काळ्या रानात वर्षाचा पैसा हातात येण्याचे हेच दिवस असतात आणि ज्याची छाती आधीच अधू आहे त्याला धाप लागण्याचेही हेच.

गेल्या दोन भागांत आपण दमा आणि सीओपीडी यांतला फरक पाहिला. दम्यात श्वासनलिका आवळतात, सुजतात आणि योग्य औषधानं बऱ्यापैकी मोकळ्या होतात. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुरानं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. हा धूर दर वेळी बिडीचाच असतो असं नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. आपल्याकडे अशी रुग्ण बहुतेक वेळा चुलीपुढं जन्म काढलेली आजी असते. आजचा प्रश्न असा, की या दोन्ही प्रकारच्या छातीवर ॲलर्जीचा हंगाम आला तर काय करायचं?

आधी नाकाबद्दल. नाक आणि फुप्फुस ही वेगळी दुखणी समजून आपण सर्दीची गोळी एकीकडून आणतो आणि दम्याचं औषध दुसरीकडून. पण नाकपुडीपासून फुप्फुसाच्या टोकापर्यंत अस्तर एकसलग आहे. वरचं सुजलं की खालचंही चिडतं. नाक चोंदलं की माणूस तोंडानं श्वास घेतो, मग हवा गाळली जात नाही, कोमट होत नाही, ओलसर होत नाही. कोरडी, थंड, धुळीची हवा तशीच थेट छातीत उतरते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की सीओपीडीच्या ज्या रुग्णांना ॲलर्जीही आहे त्यांच्यात छाती वाजणं, रात्रीचा खोकला आणि आजार एकाएकी बळावणं हे सगळं जास्त आढळतं. म्हणून नाकाची ॲलर्जी ‘नुसती सर्दी’ म्हणून सोडून देणं अशा माणसाला परवडत नाही.

आता राशीकडे येतो, कारण आपल्या भागात खरी गोची तिथंच होते. सोयाबीन कापून बनीम लावली, वरून ताडपत्री टाकली आणि मध्येच दोन दिवस पाऊस लागला तर ताडपत्रीखाली ऊब आणि ओल दोन्ही साचतात. आतलं पीक काळपट पडतं. हा काळेपणा म्हणजे बुरशी. असं पीक मळणीयंत्रात गेलं की एका बाजूनं दाणे पडतात आणि दुसऱ्या बाजूनं भुसकटाचा जो करडा लोट उठतो त्यात बुरशीचे बीजाणू असतात, सोयाबीनच्या टरफलाची बारीक भुकटी असते आणि मातीही असते. यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारणाऱ्याच्या पापण्यांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर तो थर बसलेला सगळ्यांना दिसतो. जो त्याहून बारीक असतो तो दिसत नाही आणि श्वासाबरोबर खाली जातो.

सोयाबीनच्या टरफलाची ही भुकटी किती घातक ठरू शकते याचा दाखला स्पेनमधल्या बार्सिलोना शहरानं दिला आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथं २६ वेळा असं झालं, की एकाच दिवशी दम्याचे रुग्ण दवाखान्यांत अचानक गर्दी करू लागले. बरेच अत्यवस्थ होते, काही दगावले. हवेतल्या प्रदूषणापासून हवामानापर्यंत सगळं तपासून झालं. शेवटी डॉ. जोसेप आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी आणि रुग्णांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा उलगडा झाला. ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जाई त्याच दिवशी दमा उसळे. धान्य साठवण्याच्या एका कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या. त्या बसवल्या आणि साथ थांबली. १९८९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. बंदरापासून लांब, आपल्या घरात बसलेल्या माणसांना त्या धुळीनं गाठलं होतं. आपल्याकडे तर माणूस यंत्राच्या तोंडाशी उभा असतो.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे : ज्याला दमा किंवा सीओपीडी आहे त्यानं राशीच्या दिवशी यंत्राजवळ जाऊच नये. दस्ती बांधून भागत नाही. दस्ती जाडं भुसकट अडवते, बारीक धूळ तिच्यातून सहज जाते. एन-९५ मास्क बारीक धूळही अडवतो, पण नीट बसला तरच. आणि सीओपीडी बळावलेल्या माणसाला तो लावून कष्टाचं काम करता येत नाही, दम कोंडतो. घरात माणसं कमी असतील आणि मालकाला शेतात थांबणं भागच असेल, तर वारा ज्या दिशेनं येतो त्या बाजूला, यंत्रापासून लांब थांबावं, पोती मोजावीत, हिशेब सांभाळावा. रास झाल्यावर कपडे बाहेरच काढावेत, डोक्यावरून अंघोळ करावी, आणि ते धुळीचे कपडे ज्या खोलीत झोपायचं तिथं खुंटीला लटकवू नयेत. हे अंगमेहनत करणाऱ्या घरातल्या सगळ्यांनाच लागू आहे. मुलाच्या अंगावरची धूळ आजीच्या उशीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. जनावरांसाठी ठेवलेल्या गुळीची आणि भिजलेल्या कडब्याची कुट्टीही तीच बुरशी धरते, ती उपसायचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

गाजरगवताची गोष्ट थोडक्यात. काहीजण याला चटकचांदणी म्हणतात, बहुतेकजण काँग्रेस. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५०च्या दशकात, आणि आज ते नाही असं गाव सापडत नाही. त्याच्या स्पर्शानं कातडी खाजते हे सगळ्यांना ठाऊक आहे. परागकणांनी नाक आणि छातीही बिघडते हे कमी जणांना. ते फुलण्याआधी उपटलं तरच उपयोग. फुललेलं गवत उपटायला दमेकऱ्यानं जाऊ नये, आणि उपटून पेटवून तर मुळीच देऊ नये. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून आपल्या देशात सोडला जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे त्याची चौकशी करता येईल. भुंगे सोडायचे ते पावसाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे यंदाची वेळ गेली. ग्रामपंचायतीनं पुढच्या जूनसाठी आत्ताच टिपून ठेवावं.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. आपल्याकडे ‘धुळीची ॲलर्जी’ हा शब्द सरसकट वापरतात. परळीच्या वीजकेंद्राकडून येणारी राखेची गाडी शेजारून गेली आणि खोकल्याची उबळ आली, फडात पाचट पेटवलं आणि दम लागला, डासांच्या अगरबत्तीनं रात्री छाती भरली, तर ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. तो धुराचा आणि राखेचा सरळ मार असतो. त्यावर ॲलर्जीची गोळी काम करत नाही, लांब राहणं हाच उपाय. ॲलर्जीची खूण वेगळी : नाक, डोळे, टाळू यांना खाज, एकामागून एक शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, आणि दरवर्षी त्याच महिन्यांत. ताप आला, बेडका पिवळा-हिरवा आणि जास्त पडू लागला, धाप वाढली, तर तो संसर्ग समजून लगेच डॉक्टरकडे जावं.

औषधांत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा हे ॲलर्जीच्या सर्दीवरचं सर्वांत प्रभावी औषध आहे, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. रास सुरू झाल्यावर तो आणला तर हंगाम निघून जातो. घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना विचारून सुरू केला तर दसऱ्याला नाक तयार असतं. मारताना उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत मारावा, नळीचं तोंड कानाकडे ठेवावं, म्हणजे मधल्या पडद्याला इजा होऊन रक्त येत नाही. चोंदलेलं नाक क्षणात उघडणारे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक त्यांच्याविना उघडतच नाही.

गोळ्यांबद्दलही सावध राहायला हवं. दुकानात मागितली की मिळते त्या सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामाइन असतं आणि जोडीला नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. पहिल्यानं झोप येते, तोंड कोरडं पडतं, कफ घट्ट होऊन सुटत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडते, आणि सीओपीडीसाठी टायोट्रोपियमचा पंप चालू असेल तर हे सगळं वाढतं. दुसऱ्यानं रक्तदाब चढतो. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीची औषधं त्या मानानं बरी, पण तीही नाकापुरती. छातीचं काम पंपच करतो.

आणि पंपाची धास्ती अजून गेलेली नाही. ‘एकदा लागला की सुटत नाही’ म्हणून माणसं गोळ्या घेत राहतात. हिशेब करून पाहा. साल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा, तर त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची. म्हणजे एका गोळीत ४० पफांएवढं औषध पोटातून सगळ्या अंगभर जातं, हात थरथरतात, छाती धडधडते. त्याहून वाईट म्हणजे कसलीशी पुडी. काही पुड्यांत स्टिरॉइड दळलेलं असतं. तासाभरात बरं वाटतं, आणि काही महिन्यांत साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो.

दम्यात नुसता तात्पुरता आराम देणारा पंप पुरेसा नाही. दम्यावरच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून तसं स्पष्टच सांगितलं आहे. सूज कमी करणारं श्वासातलं स्टिरॉइड सोबत हवंच. सीओपीडीत मुख्य भर श्वासनलिका दीर्घकाळ उघड्या ठेवणाऱ्या औषधांवर असतो, स्टिरॉइड काही जणांनाच लागतं, आणि कोणाला ते ठरवायला रक्तातल्या इओसिनोफिल पेशींची संख्या उपयोगी पडते. रोटाहेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं आजही भेटतात. ती यंत्रात फोडून तोंडानं जोरात ओढायची असते, आणि नंतर चूळ भरायची. श्वास ओढण्याचा जोर कमी पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला साधा पंप आणि स्पेसर जास्त सोयीचा.

कोजागरीचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देणारी ठिकाणं महाराष्ट्रभर आहेत, आणि मृगाला हैदराबादला जाऊन बथिनी कुटुंबाकडचा औषधी मासा गिळणारे मराठवाड्यातून आजही निघतात. इतकी माणसं इतक्या आशेनं का जातात हे मला कळतं. ज्यानं रात्र रात्र बसून काढली आहे त्याला एका रात्रीत सुटका हवी असते. या औषधांनी दमा बरा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तरी ज्याची श्रद्धा आहे त्यानं जाण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पंप खिशात ठेवावा आणि एक दिवसही बंद करू नये. आणि रात्रभर उघड्यावर, दवात, गवताच्या मैदानात बसू नये, कारण आश्विनातली ती हवा दमेकऱ्याला सोसत नाही. खरा धोका खिरीत नसतो, ‘आता औषध घेतलंय’ म्हणून दुसऱ्या दिवशी पंप सोडून देण्यात असतो.

कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत पडून आहे. ते बाहेर काढा आणि माणूस बरा असतानाचा आकडा लिहून ठेवा. सीओपीडीच्या काही रुग्णांचा नेहमीचाच आकडा ९० च्या आसपास असतो. तो माहीत नसला की उगाच घाबरगुंडी होते किंवा खरी घसरण लक्षात येत नाही. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर पडली, माणूस गुंगीत किंवा बरळत असेल, तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी अजून झाली नसेल तर ती राशीच्या गडबडीनंतर का होईना करून घ्यावी, परभणीला किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. सोनपेठ, गंगाखेड, परळीकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीनं निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. तिथं चूल, पाचटाचा धूर, पहाटेची थंडी, उसाची कूस, सगळं एकत्र असतं, आणि ओळखीचा डॉक्टर नसतो. ज्याच्या छातीत दुखणं आहे त्यानं औषधाचं नाव, ताकद आणि वेळ लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून पेटीत ठेवावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो कागद दाखवता येतो. पण तिथं तोच पंप मिळेल याची खात्री नाही, म्हणून मोजून न्यावा. रोजच्या पंपात साधारण १२० पफ असतात. सकाळी दोन आणि रात्री दोन घेतले तर तो तीस दिवसांत संपतो. पाच महिन्यांच्या फडाला पाच पंप लागतात, आणि अचानक लागणारा एक वेगळा. मुकादमाकडून उचल घेताना त्यातले पंपाचे पैसे आधी बाजूला काढावेत.