पात्यांचा कोन आणि १९४० चा उन्हाळा

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं नाव निघालं की लोक मर्लिन इंजिनाचं आणि त्या लंबगोल पंखांचं कौतुक करतात. प्रोपेलरची आठवण क्वचितच कुणाला होते. पहिल्या ७७ स्पिटफायरना दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर होता आणि त्याची पाती एकाच कोनात कायमची बसवलेली होती. वेगात उडताना पात्याला दर फेऱ्यात जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून कोन मोठा लागतो. धावपट्टीवर मात्र तोच मोठा कोन इंजिनाला जड जातो. फेरे वाढत नाहीत आणि विमान रेंगाळतं. चौथ्या गियरमध्ये खंबाटकीचा घाट चढायला घेतल्यासारखंच ते!

७८ व्या विमानापासून डी हॅविलँडचा धातूच्या तीन पात्यांचा प्रोपेलर आला. त्याला दोनच कोन होते, उड्डाणासाठी ‘फाइन’ आणि वेगासाठी ‘कोर्स’. बदल वैमानिकानेच करायचा. कृत्रिम पायांनी विमान उडवणाऱ्या डग्लस बेडरसारखा कसलेला वैमानिकही १९४० मध्ये एकदा ‘कोर्स’ कोनावरच उडायला निघाला आणि विमान आपटलं. त्याचे ते पाय वाकले. खरे असते तर गेलेच असते.

यावरचा उपाय म्हणजे गव्हर्नर, इंजिनावर बसणारा एक लहानसा डबा. आत फिरणारी वजनं आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. वैमानिक दांड्याने स्प्रिंगचा ताण, म्हणजेच हवे ते फेरे, ठरवतो. विमानाने सूर मारला की फेरे वाढू लागतात, वजनं बाहेर फेकली जातात आणि झडप सरकून प्रोपेलरमधलं तेल परत जातं. मग पात्यांच्या बुडाशी असलेली प्रतिवजनं कोन वाढवतात. इंजिनावर भार येतो, फेरे जागेवर येतात. चढताना याच्या उलट: फेरे पडले की तेल दाबाने आत शिरतं आणि कोन कमी करतं. वैमानिकाने हात लावायची गरजच नाही.

जून १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडलं आणि आता पाळी ब्रिटनची होती. डी हॅविलँडचे तंत्रज्ञ तळातळावर फिरून हे डबे बसवू लागले. कागदपत्रांची वाट कुणी पाहिली नाही. १६ ऑगस्टपर्यंत हजाराहून अधिक स्पिटफायर आणि हरिकेन विमानांवर ते बसवून झाले. स्पिटफायरची उंची गाठण्याची मर्यादा सुमारे ७,००० फुटांनी वाढली. नवं विमान नाही, नवं इंजिन नाही, तरी एवढा फरक पडला! समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये विजेची मोटर पात्यांचा कोन बदलायची आणि घड्याळासारख्या काट्यांच्या तबकडीवर तो दिसायचा. सुरुवातीच्या विमानांत तो सांभाळणं वैमानिकाच्याच अंगावर होतं. स्वयंचलित सोय नंतर आली.